खांदा माझा, व्यायाम घरादाराचा

तुम्हालाही डॉक्टरांनी जाता जाता "फिजिओ करा" असं सांगितलं असेल आणि तुम्हीही समजल्यासारखी मान हलवून घरी आला असाल, तर हे वाचा. मी तशीच मान हलवली होती. त्यानंतर आमच्या घरात नवऱ्याच्या कंबरेवर उपचार झाले, नणंदेच्या गुडघ्यांवर झाले, माझ्या धडधाकट डाव्या हातावरसुद्धा झाले. राहिला तो फक्त मोडलेला उजवा खांदा. आज आठवलं की लोक हसतात. मला अजून हसू येत नाही, संतापच येतो.

मी जळगावात राहते. आम्ही पाच-सहा बायका मिळून लग्नकार्यात खापरावरचे पुरणाचे मांडे करून देतो. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांना सांगते. पुरण भरलेला उंडा जरासा लाटायचा, मग उचलून दोन्ही हातांवर घ्यायचा आणि पंजांवरून कोपरापर्यंत फिरवत फिरवत वाढवायचा. पातळ, मोठा झाला की चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. हे लाटण्याचं काम नाही. दोन्ही हात लागतात आणि खांदे सैल लागतात. कणीक मळणाऱ्या, पुरण वाटणाऱ्या, चूल सांभाळणाऱ्या आमच्याकडे होत्या. हातावर मांडा वाढवणारी मी एकटी. कार्यालयात गेल्यावर बायका आधी विचारायच्या, मंगलाबाई आल्या का? त्या विचारण्याची मला सवय झाली होती, हे खरं.

पडले ती घरात

चुलीपाशी पडले असते, धुरात पाय घसरला असता, तर सांगायला तरी बरं वाटलं असतं. मी पडले आमच्याच दारातल्या पायरीवरून, दूधवाल्याला "थांब रे" म्हणताना. उजव्या अंगावर आपटले. दूध सांडलं नाही, कारण पातेलं डाव्या हातात होतं. आमच्या ह्यांनी आधी पातेलं घेतलं आणि मग मला उठवलं. यावर आमचं अजूनही भांडण होतं. ते म्हणतात पातेलं वाटेत होतं. असेल.

एक्स-रे पाहून डॉक्टर बोलले ते सगळं ह्यांच्याशी. "यांच्या खांद्याजवळचा हाडाचा तुकडा सरकलाय. प्लेट टाकावी लागेल." मी तिथेच, दोन हातांच्या अंतरावर बसले होते, पण माझ्याकडे कुणी बघेना. मीच मधे तोंड घातलं, "डॉक्टर, मला मांडे जमतील ना?"

"सगळं चालेल," डॉक्टर म्हणाले, "खाण्याचं काही पथ्य नाही."

ते इकडचे नव्हते, त्यांचा काय दोष. मला हाडाची भीती नव्हती, सुईची नव्हती, भुलीचीही फारशी नव्हती. भीती एकच होती, की हा हात जोडला जाईल, दिसायला हातच दिसेल आणि त्याने मांडा होणार नाही. ही भीती कुणाला सांगावी तर समोरचा म्हणणार, "जीव वाचला ते बघा." अहो, जीव जात कुठे होता? पायरीवरून पडले होते मी!

दवाखान्यातले दिवस

दवाखान्याचं मी फार सांगत नाही. पहाटे उठवून बीपी घेतात आणि "झोप लागली का" असं विचारतात. लागली होती, तुम्ही येईपर्यंत. दुपारी भेटायला येणाऱ्यांची रांग. प्रत्येकाच्या हातात केळी. जळगाव जिल्ह्यात आजारी पडलेल्या माणसाला केळी आणणं म्हणजे काय, पण आणतात. आणि प्रत्येकाकडे कुणाच्या तरी पडण्याची गोष्ट. कुणाच्या मावशीचा हात कायमचा वाकडा राहिला, कुणाच्या व्याह्यांची प्लेट थंडीत दुखते. मी डोळे मिटून घ्यायची, तर म्हणायचे, "झोपली वाटतं," आणि तीच गोष्ट हळू आवाजात पुढे चालू ठेवायचे.

एक माणूस मात्र मला विसरता येत नाही. शेजारच्या वंदनाताई. त्या आल्या, काही विचारलं नाही, सांगितलं नाही. घरून आणलेली बादली पलंगाच्या डोक्याशी ठेवली, माझी मान कडेला घेतली आणि केस धुऊन दिले. टॉवेल गुंडाळला आणि निघून गेल्या. त्या आठवड्यात मला एवढं एकच औषध लागू पडलं असं वाटतं.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "टाके काढायला या, आणि लगेच फिजिओ सुरू करा."

ह्यांनी विचारलं, "कुठे करायचा?"

"जवळ कुठेही करा."

ह्यांनी मान हलवली. मी मान हलवली. बाहेर आल्यावर ह्यांनी मला विचारलं, "म्हणजे नेमकं काय गं?" मी म्हटलं, "तुम्ही मान हलवली ना? मला वाटलं तुम्हाला कळलं."

अक्का आली

माझी मोठी नणंद धुळ्याकडची. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. माझा हात मोडल्याचं कळताच अक्का पिशवी भरून आली, आणि आली ती घर ताब्यात घेऊनच. प्रेमाची बाई. पण त्या प्रेमाखाली माणूस गुदमरतो. मी पाण्याच्या पेल्याला हात लावला की स्वयंपाकघरातून तिच्या अहिराणीत आवाज, "माय वं, पानी काबर लिधं? माले सांगानं ना! तू हात हालाडू नको. मी शे ना!"

माझी वेणी अक्का घालायची, घास अक्का द्यायची. डाव्या हाताने जेवू का म्हटलं तर तिच्या डोळ्यांत पाणी. आमच्याकडे आजारी बाईने काम केलं की घरातल्यांची इज्जत जाते. गल्लीतल्या बायका बघायला येतात त्या पेशंट किती दुखतंय हे बघायला नाही, तर सेवा कशी चाललीय हे बघायला. अक्काला हे पक्कं माहीत होतं. गळ्यातली पट्टी डॉक्टरांनी थोडे दिवस सांगितली होती. अक्काने ती काढूच दिली नाही. झोपेत हात हलू नये म्हणून वर ओढणी बांधली. मी एखाद्या पार्सलासारखी दिसायची आणि सगळे म्हणायचे, "वा, छान काळजी घेतात हो."

फिजिओ म्हणजे मालीश, असं अक्काने एका वाक्यात ठरवून टाकलं. तिच्या गावी मालीश करणारे एक नाना होते, हाडं-शिरा सगळं बघणारे. मग काय, आम्ही निघालो. जळगावहून धुळ्याकडे एसटीने, गळ्यात हात बांधून. तो रस्ता मला आता खड्ड्याखड्ड्याने पाठ आहे. पारोळ्यापर्यंत मी देवाचं नाव घेत होते, पारोळ्याच्या पुढे नवऱ्याचं, आणि ते चांगल्या अर्थाने नव्हतं.

नानांनी खांद्यावर बोटं ठेवली, टाक्यांचा व्रण पाहिला आणि हात मागे घेतला. "याम्हा लोखंड शे. मी हात लावत नहीं. जेनी बसाडं, तेनाकडेच जा."

इथे खरं तर विषय संपला होता. पण अक्काला ते पटेना. "इतला दूर उनूत, मंग काहीतरी करी दे!"

नाना म्हणाले, करू काय? अक्का म्हणाली, "मंग तो दुसरा हात तरी चोळी दे."

आणि नानांनी माझा डावा हात चोळला. चांगला अर्धा तास, गरम तेल लावून. मी ओरडून सांगत होते, की हा मोडलेला नाही, तर अक्का म्हणे, "त्याच्यावर बी ताण पडस ना." परत येताना एसटीत माझा डावा हात घमघमत होता आणि उजवा खांदा दर खड्ड्याला कळ मारत होता.

मशीन

मग ह्यांच्या मित्राने एक सेंटर सुचवलं. तिथे मशीन होती. किती मशीन! ह्यांना मशीन दिसली की विश्वास बसतो. जन्मभर वीज कंपनीत नोकरी केली, त्यामुळे ज्याला वायर आहे ते खरं, असं त्यांचं मत. दहा वेळांचे पैसे एकदम भरले. मला एका पलंगावर झोपवायचे, खांद्याला चिकट पट्ट्या लावायचे, बटण दाबायचे आणि बटण दाबणारी बाई मोबाइल घेऊन बाहेर. खांद्यात मुंग्या आल्यासारखं व्हायचं. बरं वाटायचं, खोटं का बोलू. दुखणं थोडा वेळ कमी व्हायचं. पण हात वर गेला का, हे तिथे कुणी विचारलं नाही आणि आम्हीही नाही. आम्हाला वाटायचं, मशीन आतून काहीतरी करत असेल.

मधे मला ताप आला. तीन-चार दिवस जाणं शक्य नव्हतं. संध्याकाळी हे घरी आले ते कंबर चोळत, खुशीत.

"कुठे गेला होतात?"

"सेंटरला. पैसे भरलेले आहेत, वाया कशाला घालवायचे? मीच झोपलो. कंबरेला लावून घेतलं. काय मोकळी झाली गं कंबर!"

हा माणूस माझं उरलेलं टॉनिकसुद्धा पितो, बाटली फेकून द्यायची जिवावर येते म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यांनी अक्काला नेलं. अक्काचे गुडघे शेकून निघाले. ताप उतरून मी उठले तेव्हा दहाचे दहा संपले होते आणि घरात दोन माणसं टुणटुणीत झाली होती. मी दोघांवर इतकी ओरडले, की वंदनाताई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "मंगलाताई, बरं वाटतंय वाटतं आता?"

खुर्ची

याच दिवसांत आमच्या गटातली लता भेटायला आली. लता पुरण वाटते, जुनी मैत्रीण, तोंडाने फटकळ. त्या दिवशी मात्र गोड बोलत होती, तेव्हाच मला शंका आली. लग्नसराई तोंडावर होती. गटातल्या बायकांनी माझ्या जागी अमळनेरकडची एक बाई बघून ठेवली होती.

"मंगलाबाई, आते तू खुर्चीवर बस," लता म्हणाली. "फोन उचल, ऑर्डरी ले. खापर आम्ही देखी लेसूत."

हे म्हणाले, "बरंच झालं की! मॅनेजर झालीस." अक्काने तर हात जोडले, देव पावला म्हणून. सगळ्यांना वाटलं माझं भलं झालं. धूर नाही, झळ नाही, पंख्याखाली बसायचं. मी चहा संपवला. मग आत जाऊन मोरीत पाणी सोडलं आणि रडले. मला खुर्ची नको होती. मला विचारा ना कुणीतरी, की मला काय हवंय! पण मॅनेजर झालेल्या बाईने रडायचं म्हणजे माज आलाय असं वाटेल, म्हणून तोंड धुऊन बाहेर आले.

त्यानंतर डॉक्टरांकडे तपासणीला गेलो. त्यांनी हात वर करायला सांगितला. तो खांद्याच्या उंचीपर्यंतही गेला नाही. त्यांचा चेहरा बदलला.

"फिजिओ केला नाही?"

"केला," हे म्हणाले.

"कुणी केला?"

"सगळ्यांनी," हे म्हणाले. हे कधीकधी इतकं खरं बोलतात.

डॉक्टरांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहून सांगितलं. हाड छान जुळलंय, पण सांधा आखडलाय. आता नीट मेहनत केली तर उघडेल, महिना-दोन महिने असेच गेले तर मग तो असाच राहील. असाच राहील हे शब्द मला घरापर्यंत पुरले. त्यांनी एका फिजिओथेरपिस्ट मुलीचं नाव दिलं, प्रज्ञा. मूळची वरणगावची, आता जळगावात दवाखाना चालवते.

प्रज्ञा मॅडम

पहिल्या दिवशी गेलो तर तिच्याकडे मशीन जवळजवळ नव्हतीच. एक पलंग, एक भिंतीवरची शिडी, छताला टांगलेली दोरी, काही रंगीत रबरी पट्टे. हे इकडेतिकडे वायर शोधत होते. मॅडम माझ्या समोर स्टुलावर बसली आणि तिने विचारलं, "काकू, या हाताने तुम्हाला काय काय करायचंय?"

एक्स-रेपासून आतापर्यंत हे कुणीच विचारलं नव्हतं. मी मांड्याचं सांगितलं. ती वरणगावची, खाल्लेले भरपूर, करताना नीट पाहिलेलं नाही. तिने एका प्लास्टिकच्या कोनमापकासारख्या वस्तूने माझा हात मोजला, पुढे, बाजूला, मागे. मग म्हणाली, "ऐका. हाड डॉक्टरांनी जोडलं. मी हात बरा करत नाही. हात तुम्हालाच परत हलवायला शिकायचा आहे, मी फक्त तो रस्ता दाखवते. आठवड्यातून दोनदा मी भेटणार. बाकी दिवस तुमचे."

खरं सांगते, मला फसल्यासारखं वाटलं. पैसे घेणार ही आणि काम करायचं मी? तिने मला भिंतीला सामोरं उभं केलं आणि बोटांनी भिंत चढायला लावली. एवढंच. दोरीला हात धरून डाव्या हाताने उजवा वर ओढायचा. टेबलावर फडकं ठेवून ते पुढे ढकलायचं. हे काय उपचार झाले? ह्यांनी रिक्षात बसल्यावर विचारलं, "एवढंच?" मीही म्हटलं, "एवढंच." पण रात्री खांदा असा ठणकला, की मशीनने कधी ठणकला नव्हता.

तिने घरची कामं सांगितली होती. केस स्वतः विंचरा, फळीवरचा डबा काढा, कपडे दोरीवर वाळत घाला. हे ऐकून अक्का भडकली.

"हाई काय डॉक्टरीन शे का? आजारी बाईले कपडा वाळाडाले लावस! लोके काय म्हनतीन? नणंद बशेल शे नि भावजाई कपडा वाळाडी राहिनी?"

आणि मग अक्काने ती सगळी कामं स्वतःकडे घेतली. कपडे तिने वाळत घातले, डबे तिने काढले. व्यायामाचंही तेच. मी भिंतीपाशी उभी राहिले, की ती मागून येऊन माझा हात धरून वर न्यायची. "तू कष्ट करू नको. मी उचलस." मला दुखायचं म्हणून मीही जाऊ द्यायची. दुखण्यात एक आळस असतो, त्याचा मला फार राग येतो. सकाळ-संध्याकाळ, न चुकता, अक्का माझा हात उचलत होती.

आठवड्याने मॅडमने मोजलं. तिने स्वतः धरून उचलून पाहिला तर हात बऱ्यापैकी वर जात होता. मग म्हणाली, "आता तुम्ही उचला." मी उचलला. जिथे होता तिथेच.

"रोज व्यायाम करता?"

"रोज," अक्का पुढे होऊन म्हणाली. "सकाय-संध्याकाय. मीच करस."

मॅडमने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "छान. मग अक्का, तुमचा खांदा तर मस्त झाला असेल."

मी हसले. अक्का हसली नाही. घरी आल्यावर मात्र मी फुटले. तिला म्हटलं, अक्का, तुझ्या पाया पडते, माझा हात मला दे. मला घास भरवू नकोस, वेणी घालू नकोस, मला पाडून ठेवू नकोस! अक्काला ते फार लागलं. तिने पिशवी भरली. हे दोघांच्या मधे उभे राहून म्हणाले, "चहा टाकू का?" आम्ही दोघी एकदम त्यांच्यावर ओरडलो. तेवढ्यापुरतं आमचं जमलं.

अक्का गेली नाही, पण दोन दिवस बोललीही नाही. तिसऱ्या दिवशी मी सगळे कपडे स्वतः वाळत घातले, अर्धे दोरीवर, अर्धे खाली. अक्का उंबऱ्यात बसून बघत होती, दोन्ही हात मांडीखाली दाबून. गल्लीतली एक बाई थांबून म्हणाली, "काय हो अक्का, आजारी माणसाला कामाला लावलं?" अक्काचा चेहरा पडला. मला तिची इतकी दया आली, की मीच ओरडून सांगितलं, "डॉक्टरने सांगितलंय! तिने काही नाही केलं!"

ओला टॉवेल

अक्कालाही मांडे येतात हे मी बोलले होते, म्हणून पुढच्या वेळी मॅडमने अक्कालाच बोलावलं. म्हणाली, "मांडा कसा वाढवतात ते मला दाखवा. काकूंच्या नुसत्या सांगण्यावरून मला कळत नाही, हातांनी दाखवा."

अक्का जरा रुसूनच उभी राहिली. पण हात पुढे केले आणि तिचा राग गेला. रिकाम्या हातांवर नसलेला मांडा फिरवत ती म्हणाली, "आसा. आते आसा फिरावाना. कोपर वर, खांदा ढिला." मॅडम तिच्या भोवती फिरून बघत होती, खांदा कुठे जातो, कोपर किती उघडतं, टाकताना हात किती पुढे येतो. मग तिने एक टॉवेल ओला करून पिळला आणि माझ्या दोन्ही हातांवर टाकला. "हा तुमचा मांडा. फिरवा."

मला कळलं ते तिथे, इतक्या उशिरा. ही बाई माझा खांदा बरा करत नव्हती, मला मांड्यापर्यंत पोचवत होती. भिंत, दोरी, फडकं, हे सगळे त्या रस्त्यावरचे थांबे होते. ते तिने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, पण मी वायर शोधणाऱ्या माणसाबरोबर गेले होते.

मग अक्काच माझी मास्तरीण झाली. ओल्या टॉवेलावरून नुसत्या कणकेच्या उंड्यावर आलो. मी फाडायची, अक्का पुन्हा मळायची. फाटलेली कणीक रोज वंदनाताईंच्या दारातली गाय खायची. ती गाय आता मला बघून उभी राहते. दुखायचं किती, ते सांगत नाही. एकदा दुखलं म्हणून मी मॅडमला वाटेल ते बोलले. ती शांतपणे म्हणाली, "उद्या या." मला तिच्या त्या शांतपणाचाही राग आला. पण गेले.

सगळं परत आलं नाही. हात पाठीमागे पूर्ण जात नाही. ब्लाउजचे हूक आता पुढून लावते, अंबाडा बाजूला पडतो. मॅडमने तोंडावर सांगितलं, की हे एवढं कदाचित राहील. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. कुणी म्हणतं, "एवढं तर चालतं हो." तुम्हाला चालत असेल. खांदा माझा आहे.

खापर

लग्नसराई निम्मी उलटल्यावर मी गेले. अमळनेरची बाई तिच्या भाच्याच्या लग्नाला गेली होती म्हणून बोलावणं आलं, माझ्या कौतुकाने नाही. हे आणि अक्का दोघंही सांगत होते, की एक-दोन टाक आणि खुर्चीवर बस. मंडपामागे चूल पेटली होती, खापर तापलं होतं. पहिला उंडा हातावर घेतला आणि तो फाटलाच. दुसरा जमला. तिसरा मोठा झाला, पण एका बाजूला जाड राहिला. उजवा खांदा थोडा मागे ओढत होता. मी तो तसाच टाकला.

तेवढ्यात पुरणाच्या पातेल्याशी बसलेली लता सगळ्यांसमोर ओरडली, "मंगलाबाई! हाऊ कितला जाड करा? पुरन बठ्ठं एकीकडे राहिनं! पंगत बशेल शे, हात चालाड ना!"

पायरीवरून पडल्यापासून मला सगळ्यांनी एकच सांगितलं होतं. हात हलवू नको. जपून. बस. आराम कर. हात चालव, असं मला पहिल्यांदा कुणीतरी म्हणत होतं, तेही ओरडून, चिडून, माझ्या खांद्याची जराही पर्वा न करता.

मी तिथूनच ओरडले, "तुन्हं पुरन आधी बारीक वाट, मंग माले शिकाड!"

बाया हसल्या. लता काहीतरी पुटपुटत पुन्हा वाटायला लागली. मला एकदम रडू आलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, दोन्हीवर पुढचा मांडा होता, म्हणून तशीच फिरवत राहिले.